न्यायाधीशाचा मुलगा आणि साडेचार एकर



आजचे वाचन : गीता, अध्याय पहिला, श्लोक २८ ते ४७. (प्रतीनुसार एखादा आकडा पुढे-मागे होईल, घाबरू नका.) सोबत विनोबांच्या 'गीता प्रवचने'मधलं पहिलं प्रवचन.

आज थोडं लांबणार आहे. रविवार आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात एका जुन्या प्रश्नापासून करतो. गावाकडे आमच्या देवळात दर एकादशीला कीर्तनाला येणारे एक महाराज आहेत. माझ्या हातात कधी विनोबा, कधी गोंदवलेकर महाराजांची प्रवचनं पाहिली की ते हसून म्हणतात, "इंजिनिअर, गंगा सोडून नळाचं पाणी कशाला?" म्हणजे मूळ गीता आहे, माउलींची ज्ञानेश्वरी आहे, मग या अलीकडच्या लोकांचं कशाला वाचायचं? प्रश्न रास्त आहे. पण मी बारामतीत राहतो. आमच्या गावचे मोरोपंत (१७२९–१७९४) आयुष्यभर महाभारत आणि रामायणच तर पुन्हा सांगत होते. एकशे आठ रामायणं त्यांच्या नावावर सांगितली जातात. कऱ्हेकाठी बसून त्यांनी आर्या रचल्या तेव्हा पंतही 'अलीकडचे'च होते की. आणि खुद्द ज्ञानेश्वरी तरी काय आहे? गीता लोकांना कळत नव्हती म्हणून १२९० मध्ये त्यांच्या बोलीत सांगितलेली गीता. प्रत्येक काळात कुणीतरी नळ ओढून आणतो, म्हणून घरात पाणी येतं.

असं मी महाराजांना सांगायचो आणि मनातल्या मनात स्वतःवर खूश व्हायचो. उत्तर चांगलंच होतं. फक्त त्या नळाचं पाणी मी पीत नव्हतो, बाटल्या भरून मांडून ठेवत होतो. आजचा लेख त्याबद्दल आहे.

माझं वाचन कसं होतं ते आधी सांगतो, कारण तुमच्यातले बरेच जण माझ्यासारखेच वाचत असणार. गोंदवलेकर महाराजांच्या 'प्रवचनां'ची रचना तुम्हाला माहीत आहे, वर्षाच्या प्रत्येक तारखेला एक छोटं प्रवचन. दोन वर्षं मी ते कंपनीच्या बसमध्ये रोज न चुकता वाचलं. एकही दिवस खाडा नाही. पण सकाळच्या स्टँडअप मीटिंगमध्ये आपण 'काल हे केलं, आज हे करणार' सांगून मोकळे होतो ना, तसं ते झालं होतं. पान झालं, टिक झाली. विनोबा तर मी ऑडिओवर दीडपट वेगाने ऐकलेत. आवडलेली वाक्यं हायलाइट करायची, चांगल्या फोटोवर टाकून स्टेटस ठेवायचं. माझ्या फोनमध्ये 'अध्यात्म' नावाचा फोल्डर आहे, त्यात चारशेच्या वर स्क्रीनशॉट आहेत. ते मी पुन्हा उघडून पाहिलेत का? खरं सांगू, नाही.

मग या चैत्रात आईच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळे, तीन आठवड्यांच्या अंतराने. वाचायला बंदी. बाबा होते तेव्हा ते तिला रोज रात्री काहीतरी वाचून दाखवायचे. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. एका रविवारी आई म्हणाली, "त्यांचं ते गीतेचं पुस्तक काढ, दर रविवारी एक अध्याय वाचून दाखव मला. तुरुंगात सांगितल्यालं पुस्तक."

बाबांची प्रत परंधाम प्रकाशन, पवनारची. पिवळी पडलेली, पाठीला डिंकाने चिकटवलेली. त्यात एकही रेघ ओढलेली नाही. माझी प्रत हायलाइटने भरलेली आणि बाबांची कोरी, याचं तेव्हा मला जरा हसूच आलं होतं.

'दर रविवारी' हा शब्द आईने सहज वापरला, पण तो या पुस्तकाच्या जन्माशीच जोडलेला आहे. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी सोबतच्या कैद्यांना दर रविवारी गीतेचा एक अध्याय सांगितला. २१ फेब्रुवारीला पहिला, १९ जूनला अठरावा. (मी कॅलेंडर काढून मोजलं. बरोबर अठरा रविवार होतात, एकही चुकलेला नाही. सवयच आहे, काय करणार.) समोर साने गुरुजी बसलेले, ते लिहून घेत होते. पुढच्याच वर्षी, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. म्हणजे हे पुस्तक मुळात पुस्तक म्हणून लिहिलेलंच नाही. ते बोललेलं आहे. समोर राजकीय कैदी, कुणी शिकलेला, कुणी शेतकरी, आणि बोलणाऱ्याला कुठे जायची घाई नाही. अशा माणसाला मी दीडपट वेगाने ऐकत होतो!

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. विनोबांची आई, रुक्मिणीबाई, फार शिकलेल्या नव्हत्या. संस्कृत गीता त्यांना कळेना, मराठीत कळेल अशी हवी होती, आणि त्यांना वाटायचं की ती आपल्या विन्यानेच लिहावी. त्या १९१८ मध्ये गेल्या. विनोबांनी 'गीताई' रचायला घेतली ७ ऑक्टोबर १९३० ला आणि ६ फेब्रुवारी १९३१ ला संपवली. जिच्यासाठी लिहायचं ती जाऊन बारा वर्षं झाली होती. माझी आई समोर बसली होती, डोळ्यांवर हिरवा चष्मा लावून, आणि मी घड्याळाकडे बघत होतो, कारण चार वाजता मॅच होती.

तर पहिला अध्याय.

तुम्हाला कथा माहीत आहे. अर्जुन म्हणतो, रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये घे. कृष्ण नेमका भीष्म-द्रोणांच्या समोर नेऊन उभा करतो. अर्जुन पाहतो, आणि पुढचे तीन श्लोक (२८ ते ३०) नीट वाचा, त्यात एकही मुद्दा नाही. नुसतं शरीर आहे. गात्रं गळतात, तोंड कोरडं पडतं, अंगाला कंप सुटतो, हातातून धनुष्य निसटतं, त्वचा जळते, उभं राहवत नाही. मुद्दे सुरू होतात त्याच्यानंतर, ३१ पासून. राज्य नको, सुख नको, यांना मारून पाप लागेल, कुलाचा क्षय होईल, कुलधर्म बुडेल, पितर पडतील. एकाहून एक मुद्दे, सगळे शास्त्राला धरून.

हा क्रम मी इतक्या वेळा वाचून मला कधी दिसला नव्हता. आमच्या कामात सिस्टीम पडली की आधी लॉग बघतात, काय आधी घडलं आणि काय नंतर. अर्जुनाचा लॉग अगदी स्वच्छ आहे. आधी हातातून धनुष्य गेलं, मग तत्त्वज्ञान आलं. तत्त्वज्ञानामुळे धनुष्य गेलेलं नाही.

माउलींनी या जागी भुंग्याचा दृष्टान्त दिलाय. भुंगा कोरडं लाकूड पोखरून बाहेर पडतो, पण कोवळ्या कळीत अडकला की त्याला बाहेर पडता येत नाही. जीव जाईल, पण पाकळी फोडणार नाही. म्हणजे अर्जुन कशात अडकला ते ज्ञानेश्वर सांगतात : स्नेहात, मऊपणात. 'स्वजन' हा शब्द त्याच्या तोंडी पुन्हा पुन्हा येतो. शत्रू त्याने आयुष्यभर मारले, तेव्हा युद्ध वाईट असतं हे त्याला आठवलं नाही. आज समोर आपले आहेत.

विनोबा इथे भुंगा घेत नाहीत, न्यायाधीश घेतात. माझ्या शब्दांत सांगतो. एक न्यायाधीश होता. शेकडो खुन्यांना त्याने फाशी सुनावली. एके दिवशी त्याचा स्वतःचा मुलगाच खुनाच्या आरोपात त्याच्यासमोर उभा राहिला. गुन्हा सिद्ध झाला. आता शिक्षा सुनवायची वेळ. आणि न्यायाधीश अचानक बोलू लागला की फाशी ही शिक्षाच मुळात अमानुष आहे, माणूस सुधारण्याची आशाच त्यात संपते, रागाच्या भरात कुणाच्या हातून काही घडतं म्हणून समाजाने पुन्हा एक जीव घ्यावा का, वगैरे. मुलगा समोर आला नसता तर हा मरेपर्यंत फाशी देत राहिला असता.

भुंगा आणि न्यायाधीश शेजारी शेजारी ठेवून बघा. सांगणं एकच आहे, पण साडेसहाशे वर्षांनी एक गोष्ट वाढली आहे. भुंगा अडकतो आणि गप्प राहतो. न्यायाधीश अडकतो आणि भाषण करतो. आपण सुशिक्षित लोक अडकलो की भाषण करतो. मला वाटतं अलीकडचे संत-लेखक वाचायचं खरं कारण हे आहे. मोह जुनाच असतो, त्याने आज कुठले कपडे घातलेत ते ओळखायला आजच्या जवळचा माणूस लागतो.

आणि यातली मेख अशी की न्यायाधीशाचे मुद्दे खोटे नाहीत. फाशी नसावी असं मलाही वाटतं. तुमच्यापैकी अनेकांना वाटत असेल. मुद्दा बरोबर असूनही तो मोह असू शकतो, हे पचायला अवघड आहे. ऑफिसातला एक मित्र नेहमी म्हणतो, "अर्जुनच बरोबर होता यार, युद्ध नको म्हणत होता तो." पण हे सांगणारा माणूस कोण आहे बघा. विनोबा! गांधीजींनी १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाला पहिला सत्याग्रही म्हणून ज्याला निवडलं तो. जन्मभर अहिंसा जगलेला माणूस म्हणतोय की अर्जुनाची ती अहिंसा नव्हे. आत अहिंसा आलेली नाही, समोर नातेवाईक आलेत.

इथपर्यंत मी आईला वाचून दाखवलं. मोठ्याने वाचताना एक होतं, डोळा उडी मारू शकत नाही. प्रत्येक शब्द तोंडातून जावा लागतो. आणि ऐकणारं माणूस मध्ये थांबवतं.

आई म्हणाली, "मग रं? पोराला फाशी दिली का न्हाय?"

मी म्हटलं, "ते नाही सांगितलेलं. तो फक्त दृष्टान्त आहे, आई."

ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "आन आधी ज्यांची पोरं लटकवली, त्यांच्या आया काय म्हनल्या असतील?"

मी पान उलटणार होतो. तिने विचारलं, "ताईचा फोन आला व्हता का?"

आता ही ताईची गोष्ट. तिला विचारून लिहितोय. आधी 'कशाला' म्हणाली, मग 'लिही, पण माझं नाव नको' म्हणाली.

इंदापूर तालुक्यात आमची साडेचार एकर जमीन आहे, नीरा डाव्या कालव्याच्या चारीवर. ऊस असतो, वाट्याने दिलेली आहे. बाबा गेल्यावर वारस नोंद झाली आणि सातबाऱ्यावर तीन नावं लागली, आई, ताई आणि मी. मग चुलते, मामा सगळे म्हणाले, आता ताईचं हक्कसोडपत्र करून घे, रीत आहे. मीही हो म्हटलं. वकिलाकडून मसुदा करून घेतला. अक्षय्य तृतीयेला ताई माहेरी आली होती, तेव्हा जेवणं झाल्यावर विषय काढला. ती फक्त "बघू" म्हणाली आणि भांडी आवरायला उठली.

त्या 'बघू'नंतर माझ्या पोटात खड्डा पडला होता, तो मला नीट आठवतो. कान गरम झाले. मुद्दे त्या वेळी एकही नव्हता. मुद्दे रात्री आले. साडेचार एकराचे तुकडे करून कुणाचं भलं होणार? विहीर एक, चारीचं पाणी एक, पाळी कशी वाटायची? दीड एकरात ऊस परवडतो का? ताईला तर जमीन कसायची पण नाही. दाजींच्या घरचे उद्या हक्क सांगतील. शिवाय नातं बिघडेल, गावात लोक काय म्हणतील, बाबांनी जपलेलं घराणं. बाबांना हे आवडलं असतं का?

पुन्हा वाचा हे मुद्दे आणि शेजारी ३८ ते ४४ श्लोक ठेवा. कुल, कुलधर्म, पितर. मी संस्कृतात बोललो नाही एवढंच.

आता न्यायाधीशाबद्दल. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क मिळाला, त्यावर मी महिला दिनाला दोनदा लिहिलंय. ऑफिसात एका सहकाऱ्याच्या घरी बहिणीकडून अशीच सही घेतली तेव्हा जेवणाच्या टेबलावर मी त्याला चांगलं सुनावलं होतं. 'ओवाळणीत साडी द्यायची आणि कागदावर सही घ्यायची, याला काय अर्थ आहे,' हे माझंच वाक्य. लोकांनी माना डोलावल्या होत्या. फाशी सुनवायला मला कधीच जड गेलं नाही. मुलगा माझा नव्हता ना.

आईला मी म्हटलं, "नाही आला फोन."

आई म्हणाली, "तो कागद पन वाच की मोठ्यानं."

"कुठला?"

"ताईच्या सहीचा."

लॅपटॉपवर होता. आणला, उघडला. तुम्ही असा मसुदा कधी वाचलाय का माहीत नाही. सगळीकडे साधारण एकच भाषा असते. मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, कोणताही मोबदला न घेता, माझा व माझ्या वारसांचा हक्क कायमचा सोडून देत आहे. मनात वाचलं होतं तेव्हा ती फक्त वकिली मराठी होती. पण ते वाक्य 'मी' म्हणून सुरू होतं. मोठ्याने वाचताना तो 'मी' माझ्या तोंडून येत होता, आणि तो ताई होता. 'राजीखुशीने' या शब्दाला माझा आवाज अडकला. मी खोकल्यासारखं केलं. आईला दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं.

ती म्हणाली, "माझ्या येळी मला कुनी वाचून दाखवला न्हवता. अंगठा नको, सही कर म्हनले, तू शिकलीस ना चौथी. केली. माहेर तुटू नये म्हनून."

हे मला माहीत नव्हतं. पस्तिशी गाठली तरी माहीत नव्हतं. मामांकडून दर दिवाळीला साडी येते, आई ती कपाटात वरच्या कप्प्यात ठेवते आणि फार नेसत नाही, एवढं मी पाहिलेलं होतं. तिने मामांना नावं ठेवली नाहीत, रडलीही नाही. मला म्हणाली, "मी तुला असं कर, तसं कर, सांगत न्हाई. वाच म्हनलं फक्त."

मॅच राहिली.

रात्री मी अध्याय पुन्हा एकट्याने वाचला, पुढे दुसऱ्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकापर्यंत. तिथे एक गंमत आहे. सातव्या श्लोकात अर्जुन म्हणतो, मी तुझा शिष्य आहे, मला शिकव. आणि नवव्यात म्हणतो, मी लढणार नाही. म्हणजे शिकव, पण निर्णय माझा आधीच झालाय! कृष्ण हसतो, दहावा श्लोक. मी विनोबांना, गोंदवलेकर महाराजांना इतकी वर्षं असाच शिष्य म्हणून शरण गेलो होतो. मग अकराव्यात कृष्णाचं पहिलं बोट नेमकं कुठे पडतं तर, शोक करू नये त्याचा शोक करतोस आणि वर पंडिताची भाषा बोलतोस.

आणि मग मला विनोबांचं पुढचं आयुष्य आठवलं, जे मी आजवर फक्त सामान्यज्ञान म्हणून पाठ केलं होतं. १८ एप्रिल १९५१, तेलंगणातलं पोचमपल्ली, रामचंद्र रेड्डींनी दिलेली शंभर एकर, तिथून भूदान सुरू. विनोबा गावोगाव चालत जायचे आणि जमीनदारांना म्हणायचे, तुला पाच मुलं असतील तर मला सहावा समज आणि माझा वाटा दे. परक्या माणसाला घरातला मुलगा समजून सहावा हिस्सा द्या, असं सांगणारा हा माणूस. त्याचं पुस्तक मांडीवर घेऊन मी बसलोय, आणि माझ्या बापाच्या पोटच्या पोरीला तिसरा हिस्सा कसा देऊ नये याचा मसुदा शेजारी उघडा आहे.

भूदानात मिळालेल्या सगळ्याच जमिनी चांगल्या नव्हत्या, पुष्कळशा माळरानं निघाल्या, वाटपही रखडलं, हेही खरं आहे. त्यावरून विनोबांवर टीका करणारा एक परिच्छेद माझ्या डोक्यात लगेच तयार होऊ लागला. तो कशासाठी तयार होतोय हे या वेळी कळलं. थांबवला.

वाचनाबद्दल तुम्हाला काही सांगायचं म्हणून हे लिहितोय, तर तेवढं सांगतो. आधुनिक लेखक सोपं लिहितात म्हणून ते धोक्याचेही आहेत. ज्ञानेश्वरीतली ओवी कळायला कष्ट पडतात, म्हणून निदान थांबावं तरी लागतं. विनोबांचं वाक्य एका श्वासात कळतं, 'वा' म्हटलं जातं, आणि कळलं म्हणजे झालं असं वाटतं. म्हणून हे लेखक एकट्याने, मनात, फोनवर वाचू नका असं मी म्हणेन. घरात जो कोणी असेल त्याला वाचून दाखवा. शक्यतो अशा माणसाला, ज्याला तुमचं सगळं माहीत आहे. तो मध्ये प्रश्न विचारेल, आणि तो प्रश्न पुस्तकाबद्दल नसेल. होस्टेलवर किंवा फ्लॅटवर राहणाऱ्यांनी फोन लावून वाचावं, चालतं. माझा एक मित्र आठवड्यातून एकदा आजोबांना फोनवर 'दासबोध' वाचून दाखवतो. आजोबा निम्म्या वेळा झोपतात म्हणतो, पण तो वाचत राहतो.

दुसरं, ज्या मुद्द्यावर तुम्ही सर्वात छान बोलता, तो मुद्दा वाचताना जरा थांबा. मला स्त्री-समतेवर फार छान बोलता येत होतं.

आणि बाबांच्या प्रतीत रेघा का नाहीत, याचा अंदाज आता येतो. ते आईला वाचून दाखवत होते. हातात पेन कशाला असेल?

तर पुढे काय झालं. सोमवारी संध्याकाळी ताईला फोन केला. तिच्याकडे लाइट नव्हती, ती अंगणात बसली होती. मी सरळच म्हटलं, तो कागद मी पुढे नेत नाहीये. सातबाऱ्यावर तुझं नाव आहे तसं राहील. वाटप करून हवं असेल तर करू, पैशात हवं असेल तर मला थोडी मुदत दे, किंवा उसाचं बिल येईल त्यात तिसरा हिस्सा या वर्षापासून तुझा. तुला काय हवं ते तू सांग.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं रडत असेल. रडत नव्हती.

"आईनं सांगितलं का तुला?"

"नाही. वाचता वाचता आलं."

"तू तर कधीपासून वाचतोयस की रे," ताई म्हणाली.

मी काही बोललो नाही. मग तिनेच विषय बदलला, पोराच्या ॲडमिशनचं विचारलं, कुठल्या ब्रँचला काय वाव आहे वगैरे. फोन ठेवताना म्हणाली की तिला काय हवं ते ती लगेच सांगणार नाही, दाजींशीही अजून बोललेली नाही. आणि मामांसमोर, चुलत्यांसमोर हे मी स्वतः सांगायचं, तिच्या तोंडी घालायचं नाही. ते मी अजून सांगितलेलं नाही. चुलत्यांना एवढंच म्हटलंय की कागदाचं सध्या थांबवलंय. म्हणजे धनुष्य उचललंय, बाण अजून भात्यातच आहे. खोटं कशाला सांगू.

तुकोबारायांची पालखी पुढच्या आठवड्यात बारामतीत येतेय. ज्यांनी कधी पाहिलं नसेल त्यांनी काटेवाडीला जरूर या, परीट मंडळी पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचं रिंगण होतं. तिथून पालखी सणसरला जाते आणि पुढे बेलवाडीला गोल रिंगण. ताई बेलवाडीला येणार आहे. आईचा चष्मा तोवर निघेल, तिला घोडा धावताना बघायचाय. चुलतेही दरवर्षी तिथे वारकऱ्यांना पाणी वाटायला असतात. रिंगण संपल्यावर, जेवणाआधी, मी बोलणार आहे. ताईने बजावलंय, "त्या दिवशी कागद-बिगद काही आणू नकोस."

पुढच्या रविवारी दुसरा अध्याय, श्लोक १ ते ३८. आईने आत्ताच विचारून ठेवलंय की कृष्ण नेमका का हसला.

राम कृष्ण हरी.